वळणावर कलणारी याकुमो

जपानमधल्या ओकायामा ते इझुमो हे अंतर जेमतेम २२० किलोमीटर. ते कापायला ‘याकुमो’ला सुमारे तीन तास लागतात. बुलेट ट्रेनच्या देशात ही कसली एक्स्प्रेस, असं कोणालाही वाटेल. नकाशा पाहिला की मात्र तक्रार मागे घ्यावी लागते. होन्शू बेटाच्या पश्चिमेला चुगोकू डोंगररांग आडवी पसरली आहे. दक्षिणेला सेतो समुद्राकाठची गजबजलेली शहरं, उत्तरेला जपान समुद्राकडचा विरळ वस्तीचा प्रदेश. त्यांना जोडणारा हाकुबी मार्ग १९२८ मध्ये पूर्ण झाला. चढताना तो ताकाहाशी नदीची सोबत करतो, उतरताना हिनो नदीची. नदी वळेल तिथे रूळही वळतात. त्यात गेज १०६७ मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा सुमारे दोन फूट अरुंद. डोंगरातला बराचसा मार्ग एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगसाठी थांबणंही आलंच.

मार्च १९७२ मध्ये शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, ओकायामापर्यंत पोचली आणि तिच्या प्रवाशांना डोंगरापलीकडे नेण्यासाठी याकुमो सुरू झाली. आधी डिझेलवर. दर्जा ‘तोक्क्यू’चा, म्हणजे मोजके थांबे आणि मूळ तिकिटावर वेगळा अधिभार, आपल्या सुपरफास्टसारखा, पण बराच जड.

१९८२ मध्ये मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि ३८१ मालिकेच्या गाड्या आल्या. खरी गंमत इथे सुरू होते. वळणावर गाडी किती वेगाने घ्यायची, हे रुळांच्या आधी प्रवाशाचं शरीर ठरवतं. गाडी रुळावरून घसरण्याची भीती निर्माण होण्याच्या कितीतरी आधी माणूस बाहेरच्या बाजूला ढकलला जाऊन हैराण होतो. मग सायकलस्वारासारखा डबाच आत कलवला तर? ३८१ मध्ये डबा रोलरवर असा बसवला होता की वळणावर त्याचा खालचा भाग आपोआप बाहेर सरकायचा आणि सगळा डबा पाच अंशांपर्यंत आत झुकायचा. गुरुत्वमध्य खाली राहावा म्हणून डबे ॲल्युमिनियमचे केले आणि वातानुकूलन यंत्रंसुद्धा छतावरून काढून तळाशी नेली. डोंगर न फोडता वेग मिळाला.

पण पोटाचं काय? मोटर किंवा पंप नसल्याने हा डबा वळण सुरू झाल्यावर कलायचा, तोही जरा उशिराने. आणि वळण संपल्यावर झोकांडी खाऊन सरळ व्हायचा. एकामागून एक वळणं असली की संथ हेलकाव्यांनी मळमळ ठरलेली. याकुमो ‘लागण्यासाठी’ बदनाम झाली. तरी निवृत्तीच्या वेळी याच गाडीचे फोटो काढायला रेल्वेवेडे डोंगरात कॅमेरे लावून बसले. जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या काळातली, नियमित धावणारी ती शेवटची विद्युत तोक्क्यू होती. जून २०२४ मध्ये ती थांबली.

त्याआधीच, ६ एप्रिल २०२४ रोजी, २७३ मालिका रुळावर आली होती. तीही कलते, पण वेळेवर. मार्गातल्या वळणांचा नकाशा गाडीतच साठवलेला असतो. जायरोस्कोप सेन्सरची मोजमापं त्याच्याशी ताडून गाडी आपण नेमक्या कुठे आहोत हे ओळखते आणि योग्य क्षणी डबा झुकवू लागते. ३८१ नंतर इतर गाड्यांत आलेल्या नियंत्रित कलण्याच्या पद्धतीत चाकांचे फेरे मोजून जागा काढत. ओल्या रुळावर चाक घसरलं की तो हिशेब चुकायचा. झुकणं तेच, कळीचा मुद्दा आहे तो काही क्षण आधी सुरू करण्याचा.

पोट शांत असेल तर पाहण्यासारखं बरंच आहे. बित्चू-ताकाहाशीजवळ ४३० मीटर उंचीवर जुना मात्सुयामा किल्ला आहे. गाडीतून तो शोधत बसण्यापेक्षा उतरून चढलेला बरा. योनागोच्या आसपास आकाश मोकळं असेल तर १,७२९ मीटरचा दाइसेन दिसतो. मात्सुएनंतर शिंजी सरोवर लागतं, तिथल्या शिजिमी शिंपल्यांचं सूप प्रसिद्ध आहे. शेवटच्या स्टेशनाहून पुढे इझुमो ताइशा हे प्राचीन देवस्थान गाठता येतं.

ओकायामाहून मात्सुएला शिन्कान्सेन नेण्याची कल्पना १९७३ च्या मूळ आराखड्यात होती. ती अजून कागदावरच आहे. तोवर दररोज दोन्ही दिशांना पंधरा-पंधरा याकुमो धावताहेत, आता फक्त आरक्षित आसनं असलेल्या.