‘ड्यून’ : वाळू भव्य, पाणी थोडे

फ्रँक हर्बर्टच्या १९६५ सालच्या कादंबरीवरून डेनिस व्हिलनव्ह या दिग्दर्शकाने ‘ड्यून’ हा विज्ञानपट काढला. पहिला भाग २०२१ साली आला. वाळवंट डोळे दिपवणारे आहे. घामाचे पाणी पुन्हा प्यायला देणारा पोशाख, थुंकणे म्हणजे पाण्याचा नजराणा, हेही उत्तम उतरले आहे.

परंतु कादंबरीतील मेजवानी गाळली, हे मला खटकले. तेथे पाहुणे हात धुताना मुद्दाम पाणी सांडतात आणि टॉवेलांतून पिळलेल्या पाण्यासाठी दाराशी भिकारी जमतात. ड्यूक ही चाल मोडून प्रत्येकाला पेलाभर पाणी देववतो. पाणी ज्याच्या हाती, त्याची सत्ता, हे येथे उमगते. उन्हाळ्यात घागरीसाठी पायपीट करणाऱ्या माझ्या वाशीमकर आईलाही हा प्रसंग भाषेवाचून कळला असता.