आटोक्यातला रक्तदाब आणि जाड झालेले हृदय

उच्च रक्तदाबात हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला, म्हणजे डाव्या निलयाला, धमन्यांतील वाढीव दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते आणि वर्षानुवर्षे हा जादा भार वाहताना त्याच्या भिंतीतील स्नायुपेशी आकाराने मोठ्या होत जातात. पहिलवानाच्या दंडाप्रमाणे ही वाढ बळ देणारी वाटली, तरी वस्तुतः तिच्यासोबत स्नायूत चिवट तंतू साठतात, भिंत ताठर होते, दोन ठोक्यांमधील विसाव्यात कप्पा पुरेसा सैलावून भरत नाही, आणि त्यातूनच पुढे धाप, अनियमित ठोके, पक्षाघात यांचा धोका वाढतो.

उपचार चालू असले की हा धोका टळला असे मानणे घाईचे ठरते. दवाखान्यातील मोजणी दिवसातील काही मिनिटांचीच असते. रात्री न उतरणारा दाब, मधूनमधून चुकणाऱ्या गोळ्या, आहारातील मीठ, लठ्ठपणा किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार या गोष्टी तिच्यात दिसत नाहीत, हृदयाला मात्र त्या चोवीस तास सोसाव्या लागतात.

या संदर्भात ‘लाइफ’ या नावाने ओळखली जाणारी, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी फार मोलाची आहे. तिच्यातील ९,१९३ रुग्णांना उच्च रक्तदाब होता व त्यांच्या ईसीजीत निलय जाड झाल्याच्या खुणा होत्या. काहींना लोसार्टन, तर काहींना अटेनोलॉल या औषधावर आधारलेले उपचार दिले गेले. दोन्ही गटांत दाब जवळजवळ सारखाच उतरला, तरीही लोसार्टनच्या गटात जाडी अधिक ओसरली आणि पक्षाघाताचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी राहिले. पुढील विश्लेषणात याहून आशादायक बाब समोर आली: उपचारांदरम्यान ज्यांच्या ईसीजीतील या खुणा ओसरल्या, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयरोगाने होणारे मृत्यू कमी आढळले, आणि दाब किती उतरला हे हिशेबात धरूनही हा फरक टिकला.

ईसीजीतून अशी जाडी अनेकदा निसटते, म्हणून गरजेनुसार टू-डी इको केला जातो. प्रौढांत साधारण एक सेंटिमीटरपर्यंत असणाऱ्या या भिंतीची जाडी त्याच्या अहवालात मिलिमीटरमध्ये नोंदलेली असते. जुना अहवाल जपून ठेवून नव्याशी ताडून पाहणे उपयुक्त असले, तरी एखाद्या मिलिमीटरचा फरक मोजणीतलाही असू शकतो, आणि खरी घट दिसायला बहुधा कित्येक महिने लागतात.