माळ्यावरची वेताची खुर्ची

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरच्या अडगळीतली वेताची जुनी खुर्ची हमखास भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. बैठक सैल झालेली, पॉलिश उडालेलं. नव्या सोफ्याशेजारी ती कशी शोभणार? पण भगिनींनो, तिला निरोप देण्याआधी चंदिगढच्या खुर्च्यांची हकिकत ऐका.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि आपल्याकडच्या पंजाबला राजधानी उरली नाही. ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाने १९५१ साली चंदिगढचं काम हाती घेतलं. तो येऊन-जाऊन असे. तिथे ठाण मांडून राहिला तो त्याच्या चुलत नात्यातला भाऊ पिएर जानरे, थेट १९६५ पर्यंत. इमारती उठल्या, पण कचेऱ्यांत, कॉलेजांत, वाचनालयांत बसायचं कशावर? तेव्हा आपल्या सुतारांना सहज जमेल अशी साधी खुर्ची तयार झाली: सागवानी सांगाडा, वेताची बैठक नि पाठ, आणि दोन्ही बाजूंना उलट्या ‘व्ही’सारखे पाय. या फर्निचरच्या कामात यूली चौधरी या भारतीय स्त्री-वास्तुशिल्पज्ञही होत्या. त्या काळी या पेशात बायका बोटांवर मोजण्याइतक्या! नाव मात्र गाजलं ते जानरेचंच, हे वेगळं सांगायला नको.

पुढे कचेऱ्यांत नवं फर्निचर आलं आणि या खुर्च्यांची रवानगी गच्चीवर, आवारात झाली. ऊन-पावसात त्यांचे ढीग पडले आणि ते भंगाराच्या भावाने लिलावात निघाले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलले, दुरुस्त केले आणि तिकडच्या लिलावांत लाखो रुपये मिळवले! २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा सामानाच्या विक्रीला मनाई केली खरी, पण तोवर कितीतरी माल बाहेर गेला होता.

तुमच्या माळ्यावर लाखाचं धन आहे असं मी म्हणत नाही हं. पण गुण तेच आहेत. वेतातून वारा खेळतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाठ घामेजत नाही. पायांखालून फरशी दिसते, म्हणून छोटी खोली भरल्यासारखी वाटत नाही आणि केर काढायला खुर्ची हलवावी लागत नाही. मुख्य म्हणजे, तिचा जो भाग बिघडेल तेवढाच दुरुस्त होतो. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं फर्निचर एकदा पाण्याने फुगलं की संपलंच.

बैठक नुसतीच सैल झाली असेल तर खुर्ची उलटी करा. गरम पाण्यात पिळलेलं फडकं वेताच्या खालच्या बाजूला अर्धा तास पसरून ठेवा आणि मग रात्रभर सावलीत वाळू द्या. वाळताना वेत आवळतो नि बैठक ताठ होते. वेत तुटला असेल तर मात्र नव्याने विणून घ्यावा लागेल. हे काम अंधांच्या संस्थांतून पूर्वापार शिकवलं जातं. गावात अशी संस्था असेल तर तिथे चौकशी करा. नायलॉनची पट्टी स्वस्त पडते, पण तिच्यात वेताची शोभा नाही.

सांधे डुगडुगत असतील तर खिळे ठोकू देऊ नका, लाकूड चिरतं. सांधा उघडून पुन्हा सरस भरायला सुताराला सांगा. ऑइलपेंटचा मोह तर नकोच! बारीक पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. मोकळं पसरून वाळवा.

खुर्ची भर उन्हात ठेवू नका, वेत तडकतो. आणि पुन्हा माळ्यावरचं काही काढायचं झालं तर तिच्यावर उभं राहू नका, बरं का! बसलेल्या माणसाचं वजन वेत खुशाल पेलतो, टाचेखाली मात्र फाटतो.