ताटात काय कमी होतं?

बालमित्रांनो, पावसाळ्यात लोणावळ्याला आलेला माणूस भुशी धरणाच्या वाटेवर मक्याचं भाजलेलं कणीस खातो आणि जाताना चिक्की घेऊन जातो. या दोन पदार्थांत एका भयंकर आजाराची गोष्ट दडली आहे, बरं का!

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागातली गोरगरीब माणसं वर्षानुवर्षं मक्यावरच जगायची. मक्याचं पीठ, काकवीसारखा पाक, थोडी चरबी. दूध-अंडी कुठून परवडणार? अशा माणसांची कातडी काळपट, खरखरीत व्हायची. जुलाब लागायचे. आणि मग डोकं बिघडायचं. माणूस भलतंसलतं बोलायचा, घरच्यांना ओळखेनासा व्हायचा. कित्येकांची रवानगी मनोरुग्णालयात झाली. या रोगाचं नाव पेलाग्रा. तो जंतूंमुळे पसरतो, असं तेव्हाचे बरेच डॉक्टर मानत.

१९१४ साली तिथल्या सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना शोध घ्यायला पाठवलं. जॉर्जियातल्या मनोरुग्णालयात त्यांनी एक गोष्ट हेरली. रुग्णांना पेलाग्रा होतो, पण दिवसभर त्यांच्यातच वावरणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नाही! जंतू काय गणवेश बघून चावतात? मग फरक कशात होता, सांगा पाहू? ताटात! त्यांनी रुग्णांच्या जेवणात दूध, मांस, कडधान्यं वाढवली आणि रोग हटला. उलट १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या ११ कैद्यांना, शिक्षामाफीच्या बोलीवर, मुद्दाम निकस जेवण दिलं. काही महिन्यांत सहा जणांना पेलाग्राने गाठलं. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते ठीकच आहे.)

नेमकं काय कमी पडत होतं, हे १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम यांनी शोधलं. ते होतं नायसिन, म्हणजे ‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व. ते दिल्यावर भ्रमिष्ट झालेले रुग्ण काही दिवसांत भानावर येऊ लागले! गोल्डबर्गर मात्र हे पाहायला नव्हते. ते १९२९ सालीच वारले होते.

मक्यात नायसिन असतं, पण ते असं अडकून बसलेलं असतं की आपल्या शरीराला मिळत नाही. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे ते सुटतं. शेंगदाण्यात मात्र ते भरपूर. म्हणून रोज चिक्की मागू नका हं, गूळ दातांना चिकटतो!

आपल्या दख्खनमध्येही पेलाग्रा होता, तो ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी १९६०च्या सुमारास त्याचा कसून अभ्यास केला. यात दोष भाकरीचा नाही, नुसत्या भाकरीचा आहे. भाकरीबरोबर डाळ आणि शेंगदाण्याची चटणी असली की झालं. आपल्या आज्यांनी हे कुठल्या प्रयोगशाळेत शिकलं असेल?

आता जरा पालकांसाठी. ‘ब१२’ जीवनसत्त्व फार कमी झालं तरी विसराळूपणा, उदासी, क्वचित भास होणं असा त्रास होतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात आसपासच्या खेड्यांतल्या बऱ्याच गरोदर बायकांत ते कमी आढळलं. ते साध्या रक्ततपासणीत कळतं. म्हणून घरात कोणी विचित्र वागू लागलं, तर ‘बाहेरचं’ बघायला धावण्याआधी डॉक्टरांकडे जा.

पण स्किझोफ्रेनियासारखे बहुतेक गंभीर मनोविकार काही एका जीवनसत्त्वाच्या अभावाने होत नाहीत. आहार बदलून त्यांत किती फरक पडतो, याचा शोध आता सुरू आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २१ रुग्णांना चार महिने पिष्टमय पदार्थ अगदी कमी आणि स्निग्ध पदार्थ जास्त असा आहार दिला. २०२४ साली त्यांनी निकाल छापला. अनेकांना बरं वाटलं. पण रुग्ण थोडेच होते, तुलनेला दुसरा गट नव्हता आणि सगळ्यांची औषधं चालूच होती. तेव्हा कोणाचं ऐकून गोळ्या बंद करून नुसतं पथ्य सुरू करू नका. ते जिवावर बेतू शकतं. सल्ला हवा असेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा फोन फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.