राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे

परवा एका साखरपुड्यात जुने स्नेही भेटले. धाकट्या चिरंजीवांचं काय चाललंय, असं सहज विचारलं. मुलगा बारावीला दोनदा बसलेला. स्नेही म्हणाले, "त्याला आम्ही राइट ऑफ केलंय." मुलगा जवळच पंगतीत पाणी वाढत होता. त्यानं ऐकलं असावं.

बँकेत उभी हयात गेल्यामुळे मला तो शब्द टोचला. इंग्रजीत 'राइट' म्हणजे लिहिणं. त्याला 'डाऊन' जोडलं की टिपून घेणं आणि 'ऑफ' जोडलं की हिशेबातून काढून टाकणं! अपघातात दुरुस्तीपलीकडे गेलेल्या मोटारीलाही इंग्रज 'राइट-ऑफ' म्हणतो. आपल्याकडे याला 'पाणी सोडणं' म्हणतात.

बँकेत मात्र पाणी सोडलं जात नाही. वसुलीची आशा मावळली की नफ्यातून तरतूद करून ते येणं ताळेबंदातून काढतात, इतकंच. कर्जदाराचं देणं, तारण, जामीनदार, कोर्टातला दावा, सगळं जागच्या जागी राहतं. माफी निराळी. १९९० साली दहा हजारांपर्यंतची, किंवा २००८ साली शेतकऱ्यांची झाली ती माफी. तिथे देणंच संपलं.

हा फरक न कळल्यानं माणसं पोळतात. तालुक्याच्या शाखेत असताना एक विधवा बाई आल्या. नवऱ्यानं शिलाई मशीनसाठी काढलेलं कर्ज राइट ऑफ झालंय, म्हणजे सुटलं, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. आणि आता जामीन राहिलेल्या भावाला नोटीस!

"साहेब, कर्ज सुटलंय ना? मग दादाला कागद कसा?"

मी समजावलं. त्या गप्प बसून राहिल्या. पुढच्या महिन्यापासून मात्र ब्लाउज शिवून जमलेले पन्नास-साठ रुपये आणून भरू लागल्या. शेवटची पावती घेताना म्हणाल्या, "दादाला आता तोंड दाखवता येईल."

बुडीत धरलेल्या खात्यात असं काही जमा झालं, की बँक ते सरळ नफ्यात धरते. म्हणून तर त्या खात्यांची वही वेगळी जपून ठेवतात आणि अधूनमधून उघडून पाहतात.

त्या स्नेह्यांना मी एवढंच सांगितलं. त्यांनी मुलाला हाक मारली आणि पाणी मागितलं. निघताना पाहिलं, तर बापलेक एकाच ताटावर बसले होते.