शेतीसाठी जवळची वीज : निवड कशी करावी?

रब्बीच्या थंडीत रात्री दारे धरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अनेक भागांत शेतीपंपांना आलटून-पालटून दिवसा व रात्री वीज मिळत आली आहे. रात्रीच्या भरण्यात साप, विंचू व बिबट्याचे भय असते. अंधारात वाफा फुटून पाणी वाया जाते, ते निराळेच. त्यामुळे लागते तेथे व लागते तेव्हा वीज तयार करण्याच्या पर्यायांकडे लक्ष वेधले गेले आहे. यालाच विकेंद्रित वीजनिर्मिती म्हणतात.

लहान अणुभट्टी शेतीच्या उपयोगाची आहे काय?

सध्या लहान अणुभट्ट्यांची बरीच चर्चा आहे. साधारणपणे ३०० मेगावॅटपर्यंतच्या अणुभट्टीला लहान म्हटले जाते. रशियातील पेवेक या दूरच्या बंदरावर प्रत्येकी ३५ मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांचे तरंगते केंद्र २०२० पासून वीज व उष्णता पुरवीत आहे. आपल्याकडे २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच लहान अणुभट्ट्या चालू करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. शिवाय २२० मेगावॅटच्या 'भारत स्मॉल रिॲक्टर'ची योजना आहे.

मात्र 'लहान' या शब्दाने फसू नये. २२० मेगावॅट विजेवर ५ अश्वशक्तीच्या सुमारे ५९ हजार मोटारी एकाच वेळी चालू शकतात. असे केंद्र कारखाने व शहरांना रात्रंदिवस वीज देण्यासाठी योग्य आहे. ती वीज शेतापर्यंत येईल ती तारा व डीपीमधूनच. म्हणून गाव व शेत या पातळीवर आज सूर्य आणि शेण हीच हाताशी असलेली साधने होत.

सौर पंपाचे गणित

सौर पंप किती अश्वशक्तीचा घ्यावा, हे शेजाऱ्याकडे पाहून ठरवू नये. पिकाला रोज किती पाणी लागते व ते किती उंच उचलावयाचे, यावर ते ठरते. त्यासाठी सोपे सूत्र असे :

पाणी (लिटर) × एकूण उंची (मीटर) ÷ ३,६७,००० = लागणारी वीज (युनिट)

पंप व मोटारीची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास आलेल्या उत्तराची अडीचपट वीज लागते.

उदाहरणार्थ, एक एकर पिकास दररोज ५ मि.मी. पाणी द्यावयाचे म्हणजे सुमारे २०,००० लिटर झाले. विहिरीतील पाणी २५ मीटर खोल, ठिबकच्या दाबासाठी १० मीटर व पाइपातील घर्षणासाठी ५ मीटर, अशी एकूण उंची ४० मीटर होते. सूत्राप्रमाणे २.२ युनिट, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ५.५ युनिट वीज लागेल. एक किलोवॅटच्या पॅनेलपासून स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते. तेव्हा ३ किलोवॅटच्या पॅनेलवर दोन एकरांचे भरणे होते. हेच पाणी ६० मीटर खोल बोअरमधून काढावयाचे असल्यास तेवढ्याच पॅनेलवर एक ते सव्वा एकरच भिजेल. उन्हाळी पिकांची गरज यापेक्षा अधिक असते, हेही ध्यानात ठेवावे.

राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत (२०२४) अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळू शकतो. सर्वसाधारण शेतकऱ्यांनी १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के रक्कम भरावयाची असते. अर्ज करण्यापूर्वी पाण्याची उन्हाळ्यातील पातळी अवश्य मोजावी.

गावासाठी सौर वाहिनी

ज्यांच्याकडे विजेची जोडणी आहे, त्यांच्यासाठी उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज देणे हा दुसरा मार्ग आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. त्यात भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीस हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये व दरवर्षी ३ टक्के वाढ असे भाडे ठरविण्यात आले. एका मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. यासाठी पडीक, मुरमाड जमीनच द्यावी. काळी कसदार जमीन पिकासाठी राखावी.

गोबर गॅस विसरू नये

चार-पाच जनावरे असलेल्या घरी २ घनमीटरचे संयंत्र चालते. त्यास रोज सुमारे ५० किलो शेण व तेवढेच पाणी लागते. लहान कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो, आणि मळी उत्तम खत म्हणून शेतात परत जाते.

घ्यावयाची काळजी

१. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून व सावलीपासून दूर बसवावे. एका फांदीची सावलीही संपूर्ण रांगेची वीज घटविते.

२. पॅनेलवरील धूळ सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवावी. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये.

३. सौर पंपाचा प्रवाह उन्हाप्रमाणे कमी-जास्त होतो. त्यामुळे ठिबकचे भाग लहान करावेत, किंवा पाणी आधी टाकीत वा शेततळ्यात घ्यावे.

४. बोअर कोरडा पडल्यास पंप आपोआप बंद होण्याची सोय तपासून घ्यावी.

ऊन फुकट, पाणी नव्हे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. सौर पंपाला वीजबिल नाही, म्हणून दिवसभर उपसा चालू ठेवण्याचा मोह होतो. आपल्या राज्याचा बहुतांश भाग बेसॉल्ट खडकाचा असून त्यात पाण्याची साठवण मर्यादित असते. सर्वांनीच उपसा वाढविला, तर पातळी खाली जाईल आणि वर दाखविलेल्या हिशोबाप्रमाणे तोच पंप जेमतेम निम्मे क्षेत्र भिजवील. म्हणून सौर पंपाबरोबर ठिबक, आच्छादन व विहीर पुनर्भरण ही कामे हाती घ्यावीत आणि पिकाची निवड विहिरीतील पाणी पाहूनच करावी. तरच दिवसाची वीज खऱ्या अर्थाने पदरात पडेल.