हवे ते मिळालेला राजदूत

‘वकील’ या शब्दाचा अर्थ आज कोर्टकचेरीपुरता उरला आहे. पेशवाईत मात्र परक्या दरबारी राहून आपल्या धन्याची बाजू सांभाळणारा तो वकील. दिल्लीस हिंगणे होते, हैदराबादेस गोविंदराव काळे होते. अशा माणसास एका डोळ्याने धन्याचे हित पाहावे लागते आणि दुसऱ्याने ज्यांच्यात राहायचे त्यांचे मन. हे दोन्ही डोळे एकाच दिशेस पाहीनासे झाले म्हणजे त्याची खरी परीक्षा सुरू होते. अशाच एका वकिलाची ओळख आम्ही आज वाचकांस करून देणार आहोत. तो मनुष्य नाही, परग्रहवासी आहे. तथापि त्याच्याइतका मनुष्यस्वभावी राजदूत आमच्या पाहण्यात क्वचितच आला आहे.

त्याचे नाव लोंडो मोलारी. ‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकन चित्रवाणी मालिकेतील हे पात्र. मालिकेची नांदी ठरलेला चित्रपट १९९३ साली दाखविला गेला आणि १९९४ ते १९९८ या काळात तिचे ११० भाग झाले. त्यांपैकी ९२ भाग तिचे जनक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी स्वतः लिहिले. पाच वर्षांची कथा आरंभीच योजून ती कादंबरीप्रमाणे पुढे नेण्याचा हा प्रयत्न त्या काळी नवाच होता. वैज्ञानिक कथा म्हणजे अग्निबाण आणि चित्रविचित्र प्राणी, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती क्षणभर बाजूस ठेवावी.

कथेचा काळ इसवी सन २२५८ च्या पुढचा. मानव आणि अन्य ग्रहांवरील जाती यांनी युद्धाऐवजी बोलणी करावीत म्हणून अंतराळात आठ किलोमीटर लांबीचे एक स्थानक उभारले आहे. तेथे सेंटॉरी प्रजासत्ताकाचा राजदूत म्हणून लोंडोची नेमणूक झाली आहे. सेंटॉरींचे साम्राज्य एके काळी अफाट होते. आता त्याचा झगमगाट तेवढा शिल्लक आहे. प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून मोरपिसाऱ्यासारखे उभे केलेले केस, भरजरी अंगरखा, मद्य, जुगार आणि पूर्वजांच्या पराक्रमाच्या गोष्टी, असे लोंडोचे आयुष्य आहे. पीटर जुरासिक यांनी हा विनोदी, बढाईखोर गृहस्थ असा रंगविला आहे की त्याचा राग येत नाही. त्याच्या हसण्यामागील खंत हळूहळू उमगते.

त्याच्या समोर उभा आहे नार्न जातीचा राजदूत जीकार. सेंटॉरींनी नार्न लोकांवर शंभर वर्षे राज्य केले, त्यांना गुलाम केले. जीकारच्या वडिलांना तर मालकिणीच्या अंगावर पेय सांडल्याच्या अपराधासाठी झाडाला टांगून मारले गेले. त्यामुळे या दोन राजदूतांचे हाडवैर समजण्यासारखे आहे.

कथेला वळण मिळते ते एका साध्या प्रश्नाने. मॉर्डन नावाचा सभ्य, हसतमुख मनुष्य एकेका राजदूतास गाठून विचारतो: तुम्हांला काय हवे आहे? जीकारला सेंटॉरींचा सूड हवा आहे. पण सूड घेतल्यावर पुढे काय, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. लोंडो आरंभी प्रश्न टाळतो. मग मात्र त्याच्या मनाचा बांध फुटतो. आपल्या प्रजासत्ताकाचे गतवैभव परत यावे, ताऱ्यांवर पुन्हा आपली सत्ता चालावी, असे तो बोलून जातो. मॉर्डनच्या मागे ‘शॅडोज’ ही प्राचीन, विनाशक शक्ती उभी आहे. जीकारची इच्छा सूडापाशी संपत होती, लोंडोच्या इच्छेला सीमा नव्हती. म्हणून त्या शक्तीला लोंडो उपयोगाचा वाटतो.

यापुढे जे घडते ते फार थोडे लेखक इतक्या निर्दयपणे लिहू शकतात. १९९५ साली दाखविलेल्या एका भागात सेंटॉरींचा वृद्ध सम्राट नार्न लोकांची क्षमा मागण्यासाठी स्थानकावर येतो आणि मरणासन्न होतो. त्याच वेळी लोंडो, मॉर्डनच्या साह्याने, नार्नांच्या एका वसाहतीवर हल्ला करविण्याचा निरोप धाडतो. त्याचा सहायक व्हीर त्याला परोपरीने विनवितो. पण लोंडो थांबत नाही. हल्ल्याची वार्ता अजून पोहोचलेली नसते. सम्राटाची क्षमायाचना ऐकून विरघळलेला जीकार लोंडोस स्वतःच्या पैशाने पेय पाजतो आणि सलोख्याची भाषा बोलतो. लोंडो तो पेला हातात घेतो. काय घडून चुकले आहे हे त्या मेजाशी त्या एकालाच ठाऊक असते. या भागास १९९६ साली वैज्ञानिक साहित्यातील मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होय.

पुढे नार्नांच्या मायभूमीवर अंतराळातून प्रचंड पाषाणांचा वर्षाव होतो. आपल्या युद्धनौकेच्या खिडकीतून लोंडो तो पाहतो. त्याने मागितलेले सारे त्याला मिळत असते. काचेतून दिसणारा त्याचा चेहरा मात्र प्रेतासारखा झालेला असतो.

लेखकाने लोंडोस राक्षस केले असते तर आमची सुटका झाली असती. परंतु हा मनुष्य मित्रांवर जीव लावतो, प्रेम करतो, आपण काय केले हे जाणतो. पुढे मायभूमी वाचविण्यासाठी तो त्याच जीकारशी हातमिळवणी करतो. वेड्या सम्राटाचा अंत घडवितो, नार्नांना दिलेले स्वातंत्र्याचे वचन पाळतो आणि मॉर्डनला देहान्त शासन देतो. पण पेरलेले उगवायचे राहत नाही. त्याच्या राजधानीवर बॉम्ब पडतात, तो सम्राट होतो, आणि शॅडोजच्या जुन्या सेवकांनी त्याच्या खांद्यावर बसविलेला एक जीव त्याच्या प्रत्येक कृतीवर पहारा ठेवतो. सिंहासन मिळाले, स्वातंत्र्य गेले.

त्या राज्यारोहणापूर्वी जीकार त्याला सांगतो की, माझे लोक तुझ्या लोकांना कधीही क्षमा करू शकणार नाहीत. मी मात्र तुला करू शकतो. आंद्रेआस कत्सुलास (निधन २००६) यांनी हा प्रसंग ज्या संयमाने वठविला आहे तो पाहण्यासारखा आहे. समष्टीच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणा एकास नसतो आणि स्वतःपुरती क्षमा करण्यापासून कोणी कोणास अडवू शकत नाही, हा सूक्ष्म भेद नीतिशास्त्राच्या ग्रंथांतही इतका स्वच्छ मांडलेला आम्ही पाहिलेला नाही.

हे सारे या मासिकाच्या पानांत कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्यांपैकी अनेकांची घराणी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे संस्थानांच्या आश्रयाने नांदली. सणासुदीस जमलो की गतवैभवाच्या गोष्टी निघतात. जुन्या तलवारी, सनदा, पणजोबांचे हुद्दे यांचे वर्णन होते. त्यात वावगे काही नाही. ज्याला पूर्वजांचा अभिमान नाही त्याला वारसांचीही काळजी नसते. परंतु ते वैभव पुन्हा हवे, असे म्हणताना त्याची किंमत कोणी चुकती केली होती आणि पुढे कोणी करावयाची, हे विचारणे आपण सहसा टाळतो. नार्नांच्या झाडाला टांगलेला तो बाप सेंटॉरींच्या वैभवगाथेत कोठेही नसतो.

मॉर्डनचा प्रश्न घराघरांतून विचारण्यासारखा आहे. मुलांना आपण काय व्हायचे आहे, हे नेहमी विचारतो. काय हवे आहे, हे विचारीत नाही. विचारलेच, तर उत्तर मिळाल्यावर पुढचाही प्रश्न विचारावा: ते मिळवून देण्यास कोणी तयार झाला, तर त्याचे देणे कोण फेडणार? लोंडोने तो विचारला नाही, आणि म्हणूनच व्हीर त्याला विनवीत राहिला.